कोंडबामामा खोकले नाहीत तेव्हा

अन्याय झाला तो माझ्यावर. साल शेहेचाळीस, पोळ्याचा दुसरा दिवस, भर दुपार, ठिकाण कुरुंद्याचा पार. "औषध डॉक्टरांच्या सांगण्याबरहुकूमच घ्या!" या माझ्या घणाघाती भाषणाचा कोंडबामामांनी खोकून खोकून बट्ट्याबोळ केला. लोक हसले, टाळी एकही नाही.

मामा आमचे शेजारी. त्यांच्याकडे खोकले नाना प्रकारचे. दारातून आत येताना बायामाणसांनी पदर सावरावा म्हणून एक, चहा हवा असला की दुसरा, समोरचा थापा मारतोय असं वाटलं की तिसरा. हा तिसरा माझ्या वाट्याला फार. चौथा एक बारीकसा, दिवसभर, उगाचच. "तोंड काहून शिणवायचं? खोकलो की समजतंय," असं त्यांचं म्हणणं.

पण त्या दिवशीचा खोकला खराखुरा होता. मी तावातावानं मामांना गाडीत घालून वसमतला नेलं. डॉक्टरांनी तपासून तपकिरी औषधाची बाटली दिली. बाटलीवर खाचा कापलेली कागदाची पट्टी. एक खाच म्हणजे एक खुराक. "यात अफू आहे," डॉक्टरांनी बजावलं. "सकाळी एक खाच, संध्याकाळी एक. जास्ती घ्याल तर झोपेत श्वास बंद पडेल."

पुढची सभा मी मुद्दाम मामांच्या ओट्यासमोर घेतली. मामा खांबाला टेकून बसलेले, आणि एकही खोकला नाही! मला स्फुरण चढलं. "खाच ओलांडाल तर जीव गमवाल!" मी मूठ आपटली. मामांची मान खाली गेली. पटलं बुवा, असं समजून मी तेच वाक्य पुन्हा म्हणालो.

तेवढ्यात सोनामामी भिंत चाचपत बाहेर आल्या. त्यांना डोळ्यांनी दिसत नाही.

"हे कुटं हायेत? आवाज काहून येऊन न्हाई राहिला?"

"मामा भाषण ऐकून राहिलेत, मामी."

"तुझं भाषण ऐकताना तर ते जास्तीच खोकतात!"

त्यांनी चाचपत मामांच्या नाकाशी हात धरला आणि किंचाळल्या. कितीही हलवलं तरी मामा जागे होईनात. आत बाटली निम्मी रिकामी. सभा तिथंच मोडली. गाडीत वसमतपर्यंत मी मामांना हलवत, हाका मारत राहिलो. माझा आवाज इतका कामी त्याआधी कधी आला नव्हता.

डॉक्टरांनी वाचवलं. शुद्धीवर आल्यावर मामा म्हणाले, "तुझी सभा पुन्हा बुडू नये म्हून घेतलं जरा जास्ती. पोरगं एवढी तकलीफ घेऊन राहिलं, म्हनलं."

 

"जरा खोका की," उशाशी बसलेल्या मामी म्हणाल्या.

मामा खोकले. तो चौथा, बारीकसा.

"व्हय," मामी म्हणाल्या, आणि त्यांनी डोळे पुसले. दिवसभर अंगणातून तो खोकला यायचा आणि घरातून हा 'व्हय' जायचा. भिंतीपलीकडे राहून मी तो 'व्हय' कधी ऐकलाच नव्हता; मी बोलत होतो.

तेव्हा वाचकहो, बाटलीवरची खाच पाळा. आणि औषध घेणाऱ्या म्हाताऱ्याचा खोकला एकाएकी थांबला, तर गुण आला म्हणून खूश होऊ नका. जा, हलवून बघा. आत्ता जा. हा कागद इथंच ठेवा.