जगदाळे भाऊजींची कट्यार

आमच्या वरच्या मजल्यावरचे जगदाळे भाऊजी विळी दुपट्यात गुंडाळून नेतात. दुपटं म्हणजे तान्ह्या बाळाचं दुपटं, टोपडं तेवढं घालायचं बाकी. दर गणपतीला ते माझी विळी नेतात, मोदकांचा नारळ खवतात आणि ती परत आणून देतात. या एका मजल्याच्या प्रवासात तिला ऊन, वारा आणि सीसीटीव्ही यांतलं काही लागू देत नाहीत. एकदा लिफ्टमध्ये शेजारच्या केरळी बाईंनी कौतुकाने विचारलं, "बेबी?" आणि दुपटं बाजूला करायला हात पुढे केला. भाऊजी आरशाला पाठ लावून म्हणाले, "सो रहा है." त्यानंतर महिनाभर त्या बाई मला बाळंतिणीची तब्येत विचारत होत्या. शेवटी मी त्यांना स्वयंपाकघरात नेऊन बाळ दाखवलं. तेव्हापासून भाऊजी लिफ्टमध्ये दिसले की त्या "बेबी?" म्हणतात आणि भाऊजी लाजतात.

आम्ही शारजात, अल मजाजला राहतो. समोर तळं, तळ्याभोवती फिरायला रस्ता, आणि बिल्डिंगभर आपली माणसं. भाऊजी मूळचे साताऱ्याकडचे. अल क्वोजच्या एका गोदामात मेंटेनन्स इंजिनियर आहेत, आणि या देशात धारदार किंवा धारदार दिसणारी वस्तू चारचौघांत नेता येते का, या एका विषयाने त्यांचं डोकं व्यापलेलं आहे. "उघड्यावर नको" हे त्यांचं ब्रीदवाक्य. सुरी उघड्यावर नको, स्क्रूड्रायव्हर उघड्यावर नको. एकदा माझ्या हातातल्या लांबलचक पडवळाकडेसुद्धा त्यांनी बराच वेळ बघितलं होतं.

घर खाजगी, रस्ता सरकारी, इथपर्यंत त्यांना कायदा स्पष्ट होता. घोडं अडलं लिफ्टपाशी. मग त्यांनी आमच्या नातूरला, म्हणजे बिल्डिंगच्या राखणदाराला गाठलं. "खानसाब, ये लिफ्ट पब्लिक है या प्रायव्हेट?" खान म्हणाला, "साब, ये लिफ्ट खराब है." भाऊजी विळी घेऊन जिन्याने गेले. जिना कोणाचा, हा प्रश्न मी मुद्दामच काढला नाही.

शिवजयंतीला आमच्या मंडळातल्या पोरांनी पुठ्ठ्याच्या तलवारी केल्या होत्या. पार्किंगपासून हॉलपर्यंत भाऊजींनी त्या सगळ्या उशांच्या अभ्र्यांत घालून नेल्या. माझा मुलगा म्हणाला, "Uncle, it's a cereal box!" भाऊजी म्हणाले, "ते आपल्याला माहीत आहे. लांबून बघणाऱ्याला काय माहीत?" आमचे मावळे अभ्रे काखेत मारून निघाले, तेव्हा ते गड घ्यायला चाललेत की धोब्याकडे, हे कळायला मार्ग नव्हता.

माझा भाऊ टेक्सासहून आला होता तेव्हा भाऊजींना मोठीच पर्वणी लाभली. त्याच्याकडे लोक कमरेला पिस्तूल लावून किराणा आणायला जातात, हे त्याने जरा फुशारकीनेच सांगितलं. भाऊजी पुढे सरकले. पिस्तूल उघड्यावर चालतं? चालतं. सरकारी रस्त्यावर? बहुतेक ठिकाणी. "आणि विळी?" इतकी वर्षं तिथे राहून याची साधी चौकशी केली नाही, म्हणून माझा भाऊ भाऊजींच्या मनातून कायमचा उतरला.

सुधावहिनी होत्या तेव्हा हे सगळं आटोक्यात होतं. त्या नुसत्या "अहो" म्हणाल्या की भाऊजी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवायचे. वहिनी आजारी पडल्या आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी गेल्या. घरात राहिले भाऊजी आणि त्यांचा मुलगा रोहन, कॉलेजात जाणारा आणि घरात इंग्रजीतच बोलणारा. त्यानंतर भाऊजींचं खूळ वाढलं. मी त्यांना हसत आले, अजूनही हसते, पण सुधा माझी मैत्रीण होती, त्यामुळे विळी मागायला आलेल्या माणसाला चहा पाजल्याशिवाय मी कधी सोडलं नाही.

यंदा रोहनचं लग्न ठरलं. मुलगी दुबईतली, लग्न फुजैराला समुद्राकाठी. आणि भाऊजींचं घोडं पुन्हा कायद्यात अडलं, कारण त्यांच्याकडे हळद लागल्यापासून लग्न लागेपर्यंत नवऱ्यामुलाच्या हातात कट्यार असते. टोकाला लिंबू खोचलेलं, दृष्ट लागू नये म्हणून. तोवर ती हातातून सोडायची नाही. रोहन म्हणाला, "Baba, let's skip it." शस्त्रबंदीचा पुतळा असलेला हा माणूस म्हणाला, "कट्यार होणार. आणि कायद्यात बसवून होणार."

वाट सापडली ती नॅशनल डेला. तळ्याकाठी इथले लोक बंदुका हवेत उडवून, गरगर फिरवून नाचत होते. सरकारी रस्ता, उघडी बंदूक, आणि टाळ्या! भाऊजी गर्दीतून घुसले आणि नाचून दमलेल्या एका म्हाताऱ्याला त्यांनी विचारलं, परवाना आहे का. म्हातारा खोखो हसला आणि बंदूक त्यांच्या हातात देत म्हणाला, "हबीबी, लकड़ी!" भाऊजी घरी न जाता थेट माझ्याकडे आले. "वहिनी, लाकूड चालतं."

मग अल क्वोजच्या वर्कशॉपमध्ये, सुट्टीच्या दिवशी बसून, त्यांनी सामानाच्या खोक्याच्या फळीतून कट्यार कोरली. मूठ अशी सुरेख की मी बघतच राहिले. पातं मात्र इतकं बोथट की लिंबू त्यात खोचेना. शेवटी लिंबालाच आधी भोक पाडायचं ठरलं.

एवढ्यावर भागलं नाही. पोलिसांना विचारायचंच म्हणून ते मला घेऊन ठाण्यावर गेले, कारण सोबत बाईमाणूस असलं की हेतू स्वच्छ दिसतो. कट्यार दुपट्यात, लिंबू वेगळ्या पिशवीत. तिथला तरुण अधिकारी छान हिंदी बोलत होता. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "दूल्हा है, चाकू है, नींबू है. झगड़ा किससे है?"

भाऊजींनी नजर लागण्याचा प्रकार समजावला. अधिकाऱ्याचा चेहरा एकदम उजळला. ते त्यांच्याकडेही होतं, त्याची आजी तर रोज काहीतरी उतरवून टाकायची. "लकड़ी है तो हॉल के अंदर रखो. बाहर रोड पे दिखाना नहीं, लोग डर जाते हैं," तो म्हणाला. "नींबू कहीं भी ले जाओ. मबरूक." भाऊजी इतक्या आनंदात बाहेर पडले की लिंबू तिथेच विसरले.

फुजैराला हळद झाली आणि कट्यार रोहनच्या हातात आली. तो ती अंगठ्याने कुरवाळत होता, जेवताना डाव्या हातात धरत होता, हे मी बघितलं. सगळं सुरळीत होतं. पण लग्नाच्या दुपारी मुलीकडच्यांना समुद्र फारच सुंदर दिसला आणि त्यांनी मांडव हॉलमधून उचलून वाळूवर नेला. हॉटेल अलीकडे, वाळू पलीकडे, मधे रस्ता. सरकारी रस्ता.

भाऊजी दारातच थबकले. ताशा थांबला. मुहूर्त जवळ येत होता, पलीकडून मुलीचा मामा हात हलवून बोलावत होता, आणि मुंडावळ्या बांधलेला रोहन घामाने भिजला होता. "Baba, it's literally wood," तो म्हणाला. "काकूकडे देतो, I'll take it back on the other side." मलाही ते पटलं. मी पर्स उघडली आणि म्हटलं, भाऊजी, इकडे द्या, एवढ्याशा रस्त्याने काय होतंय?

भाऊजींनी माझी पर्स हाताने बाजूला सारली. मग रोहनला ऐकू जाईल अशा आवाजात, पण माझ्याकडे बघून, बोलायला लागले.

"माझ्या लग्नात निवडणूक होती, वहिनी. जिल्ह्यात शस्त्रबंदी. आम्हाला कुठलं ठाऊक? वरात देवळापाशी आली आणि हवालदाराने अडवलं. भला माणूस होता. म्हणाला, द्या इकडे, चौक ओलांडला की परत देतो. मी दिली. त्याने परतही दिली. पण आत्याने बघितलं होतं. म्हणाली, नवऱ्याचा हात मोकळा राहिला, चांगलं नाही झालं. सुधा गेली त्याचा याच्याशी काही संबंध नाही. कळतं मला, इंजिनियर आहे मी. पण तेवढा चौक माझा हात मोकळा होता. आधी विचारलं असतं तर काहीतरी सोय केली असती. म्हणून आता सगळं आधी विचारतो."

इतकी वर्षं मी या माणसाला भित्रा समजत होते. मी पर्स बंद केली. रोहनने कट्यार दोन्ही हातांनी घट्ट धरली. "नाही सोडत, बाबा," तो म्हणाला. मराठीत म्हणाला.

भाऊजींनी खांद्यावरच्या पिशवीतून दुपटं काढलं. तेच ते, विळीचं. ते मी दारातल्या उन्हात पहिल्यांदाच नीट बघितलं. पिवळ्या लुगड्याचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं, काठाला सुधाच्या हातचा हिरवा धावदोरा. रोहनच्या वेळी तिने ते शिवताना मी तिच्या शेजारी बसले होते, आणि तरीही मी त्याला आजवर ओळखलं नव्हतं. भाऊजींनी ते मुलाच्या मुठीवर, कट्यारीवर, लिंबावर नीट लपेटलं, टोक आत खोचलं आणि पुटपुटले, "उघड्यावर नको."

बापलेक रस्ता ओलांडायला निघाले. दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबल्या. भाऊजींचा हात पूर्ण वेळ दुपट्यावर होता. पलीकडे पाहुण्यांत पुढेच आमच्या केरळी बाई उभ्या होत्या, कांजीवरम नेसून. त्यांनी ते गाठोडं बघितलं आणि सवयीने, चेष्टेच्या सुरात विचारलं, "बेबी?"

भाऊजी या वेळी लाजले नाहीत. त्यांनी एकदा रोहनकडे बघितलं आणि म्हणाले, "हां. बड़ा हो गया."