खोली क्रमांक चौदामधील उपस्थितीबाबत

दिनांक सात ऑगस्ट रोजी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी आमच्या महाविद्यालयाच्या खोली क्रमांक चौदामध्ये एक विद्यार्थिनी आढळून आली. ही बाब प्रथम आमचे शिपाई झुलाल यांच्या निदर्शनास आली. ते त्या खोलीत स्नेहसंमेलनाच्या खुर्च्या काढायला गेले होते. खुर्च्या तिथेच टाकून ते स्टाफरूममध्ये आले आणि माझ्या टेबलाशी उभे राहिले.

"सर, वर्गमा एक बाई बठेल शे," ते हळू आवाजात म्हणाले. "वही उघडीसन फळ्याकडे देखी राहिनी."

बाई वाट चुकली असेल, तहसील कचेरी शोधत असेल, असं मी सुचवून पाहिलं. झुलाल म्हणाले, नाही, तिने तुमचं नाव घेतलं. तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला. मी इतिहासाचा प्राध्यापक आहे. सेवा एकवीस वर्षे. त्यातली पहिली दहा वर्षे मी शिकवलं आणि पुढची अकरा वर्षे शिकवल्याचे अहवाल लिहिले. बढती मला अहवालांवरच मिळाली.

बाहेरच्या माणसाला आमची पद्धत थोडी समजावून सांगावी लागते. धुळ्याच्या बाहेर, महामार्गाला लागून असलेल्या आमच्या महाविद्यालयात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला एकशेवीस जागा आहेत आणि त्या सगळ्या भरतात. विद्यार्थी मात्र नरडाण्याच्या कारखान्यांत पाळीवर असतात, पोलीस भरतीसाठी मैदानावर धावत असतात, पुण्याला क्लास लावून राहिलेले असतात, आणि काही मुली सासरी असतात. त्यांना ओळखपत्र हवं असतं, आम्हाला पटसंख्या हवी असते आणि पालकांना सोयरिकीच्या बैठकीत 'कॉलेजला आहे' एवढं सांगता आलं की पुरतं. हजेरीपट कार्यालयातल्या कमलबाई दिवाळीच्या सुट्टीत घरी नेतात आणि एकहाती भरून आणतात. त्या कुणालाच शंभर टक्के देत नाहीत, कारण ते खोटं वाटतं. अठ्ठ्याहत्तर ते ब्याऐंशी, मध्ये एखाद्याला कावीळ. या व्यवस्थेविरुद्ध अकरा वर्षांत एकही तक्रार आलेली नाही. सगळेच्या सगळे समाधानी आहेत अशी दुसरी शासनमान्य व्यवस्था मला तरी माहीत नाही.

मी खोली चौदामध्ये गेलो तो बाईंना त्यांची चूक समजावून सांगायला. पन्नाशी ओलांडलेली बाई, चष्मा, डोक्यावर ओढणी, पुढ्यात कोरी वही. मी दारात दिसताच त्या उठून उभ्या राहिल्या. माझ्यासाठी कुणी उभं राहून इतकी वर्षं झाली होती, की प्राचार्य आलेत की काय म्हणून मी मागे वळून पाहिलं. मग "बसा" म्हणालो. त्या बसल्या. वर्गात कुणी बसलं की पुढे काय करायचं असतं ते मला चटकन आठवेना, म्हणून मी हजेरी घेतली. शहाऐंशी नावांना उत्तर आलं नाही. सत्त्याऐंशीला त्या म्हणाल्या, "हजर." मी उरलेली तेहेतीस नावंही सावकाश घेतली. तेवढ्यात बारा मिनिटं निघून गेली आणि मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशीही मी तेच केलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी हात वर केला आणि विचारलं, न आलेल्यांची नावं नाही घेतली तर चालेल का, तेवढ्या वेळात एखादा पेशवा तरी होऊन जाईल.

बाईंचं नाव साबेरा. पती नूर महंमद यांचं जुन्या धुळ्यात गाद्यांचं दुकान आहे. मुलगा फैज आणि मुलगी यास्मिन आपापल्या मार्गाला लागलेले. साबेराबाईंकडे बी.कॉम.ची पदवी आधीच होती, त्यामुळे प्रवेशाच्या वेळी कार्यालयात बराच पेच पडला होता. संगणकावरच्या अर्जात दुसऱ्यांदा पदवी घेण्याचं कारण विचारलेलं होतं आणि पर्याय तीनच होते: नोकरी, बढती, विवाह. त्यांनी 'शिकायचं आहे' असं तोंडी सांगितलं. तो पर्याय उपलब्ध नसल्यामुळे कमलबाईंनी 'विवाह' टाकून दिलं.

पेशवे होऊन जायचे तर आधी मला वाचणं भाग होतं. मी बाजारातून एक गाइड आणलं. घरी येऊन पाहतो तर ते मीच लिहिलेलं. चौथ्या दिवशी साबेराबाईंनीही पिशवीतून तेच काढलं आणि विचारलं, पान साठवर राजा वारतो आणि पान बासष्टवर तोच राजा नवा कर बसवतो, हे कसं. मी म्हणालो, कर असेच बसतात. त्या हसल्या नाहीत आणि त्यांनी ते लिहूनही घेतलं नाही. त्या दुपारी मी ग्रंथालयाचं कुलूप काढायला लावलं. किल्ली सापडायला दोन दिवस गेले. पण पुस्तकं हातात आली आणि पंधरा दिवसांत मला शिकवायची चक्क चटक लागली. आंघोळ करताना पुढच्या तासाची वाक्यं सुचायची. ही गोष्ट मी कुठल्याही अहवालात लिहिलेली नाही.

माझ्या सहकाऱ्यांचे मात्र हाल कुत्रं खाईना. आमचे अर्थशास्त्राचे सर प्लॉट विकतात. त्यांना रोज साडेबाराला गिऱ्हाईक जागेवर उभं करून तासाला यावं लागे. भूगोलाच्या मॅडमनी वैद्यकीय रजा टाकली. मराठीच्या सरांनी लेखी विचारणा केली, की एकाच विद्यार्थिनीला शिकवणं हे सामूहिक अध्यापनाच्या व्याख्येत बसतं काय. प्राचार्यांनी तातडीची बैठक बोलावली.

"प्रश्न त्यांच्या येण्याचा नाही," प्राचार्य म्हणाले. "बाकीचे आले नाहीत हे पाहणारा आता एक माणूस झाला, हा प्रश्न आहे."

घरच्यांना समज द्यावी असं ठरलं. प्राचार्यांनी आमच्यासमोरच नूर महंमद यांना फोन लावला आणि गंभीर आवाजात सांगितलं, की आपल्या पत्नी रोज महाविद्यालयात येतात. पलीकडून उत्तर आलं, हो, मीच सोडतो गाडीवर, काही चुकलं का त्यांचं? प्राचार्यांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, "त्या वेळेवर येतात," आणि फोन ठेवला.

दुसरा उपाय माझ्यावर सोपवण्यात आला. साबेराबाईंना 'विशेष गुणवत्तापूर्ण घरबसल्या उपस्थिती' देऊ करायची, तीही पंच्याण्णव टक्के. अट एकच, त्यांनी येऊ नये. इतके टक्के कमलबाईंनी आजवर संस्थाचालकांच्या पुतण्यालाही दिलेले नव्हते. मी ही सवलत त्यांना नीट समजावून सांगितली.

"सर, पहिली पदवी मी घरी बसूनच घेतली," त्या म्हणाल्या. "नवीन लग्न झालेलं. बाहेरून फॉर्म भरला, गाइडं वाचली, पेपर दिले. पदवी टपालानं आली. ग्रॅज्युएट झाले, पण वर्ग कसा असतो ते काही बघितलं नाही. पास मी एकदा झालेली आहे. मला आता तास पाहिजेत."

मला गलबलून आलं. बैठकीत मी सांगितलं, की विद्यार्थिनी सहकार्य करत नाही.

यानंतर प्रकरण हाताबाहेर गेलं. पहिल्या वर्षाचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. त्यावर वाढदिवस आणि शिष्यवृत्तीची तारीख याखेरीज काही येत नसे. साबेराबाईंनी त्यावर आपल्या वहीच्या पानांचे फोटो टाकायला सुरुवात केली. बाकीच्यांचं बुडतंय, एवढाच त्यांचा हेतू. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात खोली चौदामध्ये अकरा विद्यार्थी आढळून आले. कार्यालयीन टिप्पणीत या घटनेचा उल्लेख 'प्रादुर्भाव' असा करण्यात आला. त्यांतला ललित नावाचा मुलगा नरडाण्याला पॅकिंगच्या कामावर होता. तो तासाला येऊ लागला, त्याच्या पाळ्या बुडाल्या आणि ठेकेदाराने त्याच्या जागी दुसरा मुलगा घेतला. का येतोस, असं मी विचारलं तर म्हणाला, पुढे काय झालं ते ऐकायचं होतं.

ललितचे वडील गिरधर नाना म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. शिक्षणाच्या घसरत्या दर्जावर ते वर्तमानपत्रांत पत्रं लिहितात आणि त्यांची कात्रणं आमच्याच सूचनाफलकावर लागतात. नाना थेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये आले. त्यांच्या मागणीवरून पालक सभा बोलावण्यात आली.

आजवर आमच्या पालक सभेला पालक येत नसत. त्यांच्याही सह्या कमलबाईच करत. यावेळी सभागृह भरलं, खिडक्यांतही माणसं उभी राहिली. महाविद्यालयात खरोखरचे तास होतात अशी आवई उठली होती आणि लोक हवालदिल झाले होते. नाना बोलायला उठले.

"मी पोराला कॉलेजात घातलं ते पदवीसाठी. तिथं जाऊन बसायला नाही," ते म्हणाले. "चाळीस वर्षं शाळेत काढलीत मी. शिक्षण म्हणजे काय ते मला कोणी सांगू नये."

टाळ्या पडल्या. मागून ताईबाई नावाच्या एक आई उठल्या. त्यांच्या मुलीचं वैशाखात लग्न झालेलं. "मनी पोरगी सासर सोडीसन आठे कॉलेजमा येवाले लागनी ते जबाबदारी कोनी?" त्यांनी विचारलं. खोली क्रमांक चौदा दुरुस्तीसाठी बेमुदत बंद करावी आणि नवीन खोली देऊ नये, असा ठराव मांडण्यात आला.

साबेराबाई सभेला हजर होत्या. अर्जावर पालक म्हणून त्यांनी स्वतःचंच नाव लिहिलं होतं. त्या उठल्या, ओढणी सारखी केली आणि म्हणाल्या, "बाकी सगळं बंद करा. एक इतिहासाचा तास राहू द्या. खोली नको, मी बाहेर ओट्यावर बसेन."

प्राचार्य माझ्याकडे वळले आणि इतिहास विभागाचं म्हणणं काय, असं विचारलं. दुसऱ्या दिवशीच्या तासाची टिपणं माझ्या खिशात होती, अकरा वर्षांत पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने काढलेली. मला हो म्हणायचं होतं, अगदी मनापासून म्हणायचं होतं. साबेराबाई माझ्याकडे पाहत होत्या. मी म्हणालो, बहुमताचा आदर करावा लागतो. ठरावावर सूचक म्हणून नानांची सही आहे. अनुमोदक म्हणून माझी.

दिवाळीत कमलबाईंपुढे तांत्रिक अडचण आली. एकशेएकोणीस विद्यार्थी अठ्ठ्याहत्तर ते ब्याऐंशीत नीट बसत होते, सत्त्याऐंशी क्रमांक बसत नव्हता. वर्ग एकच, तास तेच, आणि बाई म्हणतात पहिला दीड महिना वर्गात मी एकटी होते; मग बाकीचे कुठे होते? सखोल विचारानंतर असं आढळून आलं, की पहिल्या वर्षाचे सर्व तास सभागृह क्रमांक तीनमध्ये झाले. एकशेएकोणीस जण तिथे हजर होते. साबेराबाई मात्र दुरुस्तीयोग्य खोलीत, स्वतःच्या जबाबदारीवर बसून राहिल्या. आमच्याकडे सभागृह एकच आहे. पण तिसरं कागदावर आल्यामुळे दुसरंही आणावं लागलं आणि मूल्यांकन समितीने त्याचं विशेष कौतुक केलं.

साबेराबाईंची उपस्थिती शून्य टक्के भरली. सातत्याने गैरहजर राहिल्यामुळे त्यांना परीक्षेला बसता येणार नाही आणि त्यांचा प्रवेश रद्द होत आहे, असं पत्र गेलं. पत्र घेऊन त्या स्टाफरूममध्ये आल्या. भांडल्या नाहीत. माझ्या टेबलाशी उभ्या राहिल्या.

"सर, तुम्ही रोज माझं नाव घ्यायचात," त्या म्हणाल्या. "मी हजर म्हणायची. ते तुम्हाला ऐकू येत होतं ना?"

मी म्हणालो, अर्ज करा, नोंदी तपासून कळवतो.

त्यांनी अर्ज केला नाही. क्रमांक सत्त्याऐंशीची जागा रिकामी झाल्याची सूचना फलकावर लागली आणि पहिल्याच दिवशी त्रेचाळीस पालक आले. आपण चव्वेचाळिसावे. प्रवेशाच्या खिडकीवर सध्या माझी ड्यूटी आहे. बाकीच्यांना मी नुसता फॉर्म दिला. आपण मात्र आल्या आल्या विचारलंत, मुलाला रोज यावं लागेल का, म्हणून एवढं सविस्तर सांगावं लागलं. साबेराबाईंचं ऐकताना आपण दोनदा हळहळलात, ते मी पाहिलं. चांगलं वाटलं. आधीचे त्रेचाळीसही हळहळले असते. तर नाही, यावं लागणार नाही. पालकांची सही इथे, खाली डावीकडे. पेन आहे ना?