टिटवीचं कार्ड

"माझ्या हातून आजवर एकही पान गहाळ झालेलं नाही!" हे बाइंडरकाकांचं लाडकं वाक्य. चाळीस वर्षं पुस्तकं बांधण्यात गेली, आणि दिवसातून एकदा तरी हे वाक्य कुणाला ऐकवल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. त्यामुळे लेकीने फोनवर आईच्या कार्डांचं विचारलं, तेव्हा काका छाती फुगवून म्हणाले, "कार्डं? अगं, अल्बम बांधतोय मी त्यांचा! कापडी पुठ्ठा, सोनेरी अक्षरं! रविवारी ये आणि बघ!"

"अल्बम राहू द्या हो बाबा. मला आईचा आवाज ऐकायचाय. आणि त्यात एक तुमच्यासाठी आहे. दवाखान्यात असताना तिनेच मला सांगितलं होतं. ऐकलंत ना?"

"ऐकलं की! कधीच ऐकलं!" काकांनी ठोकून दिलं.

साफ खोटं! काकू जाऊन वर्ष होत आलं होतं आणि काकांनी त्या कार्डांना बोटसुद्धा लावलं नव्हतं.

आता ही कार्डं म्हणजे काय, ते सांगायला हवं. पत्त्यातल्या पानाएवढं जाडसर कार्ड, वर एका पक्ष्याचं नाव छापलेलं आणि मधोमध इवलासा पडदा. चालू केलं की पक्ष्याचं चित्र दिसतं, माहिती येते, आणि कार्डाच्या मालकाने भरलेला दहा सेकंदांचा आवाज ऐकू येतो. दोन कार्डं पाठीला पाठ लावून दोन्हींची बटणं दाबली की टुंग! याच्यातलं सगळं त्याच्यात आणि त्याच्यातलं याच्यात. नक्कल होत नाही, सरळ अदलाबदल. एकूण साठ पक्षी. काकूंनी नऊ वर्षं भांडून, मनधरणी करून एकोणसाठ जमवले होते, आणि प्रत्येकावर आपल्या आवाजात काहीबाही भरून ठेवलं होतं. रोज दुपारी त्या "अहो, हे ऐका ना," म्हणत कार्ड घेऊन कारखान्याच्या दारात यायच्या. कारखाना म्हणजे घरातलीच मागची खोली. काका खळीत बुडवलेला ब्रश वर न करता म्हणायचे, "आलो, आलो! एवढं पान चिकटवतो." ते पान काही संपायचं नाही. चहाचंही तेच. हाक यायची, "आलो, आलो" व्हायचं, आणि काकू निमूटपणे कपावर बशी पालथी घालून जायच्या.

आता हाक मारणारं कुणी नव्हतं, आणि काकांना कार्डं ऐकायची भीती वाटत होती. ऐकली की संपली! मग तिचं म्हणून ऐकायचं काहीच उरणार नाही. त्यापेक्षा बांधून ठेवावीत. बांधणं त्यांना जमत होतं.

तर अल्बम. तीस जाड पानं, प्रत्येक पानाला पुढे एक खिसा, मागे एक खिसा. सगळं मापात! फक्त शेवटच्या पानाचा मागचा खिसा रिकामा. आणि एक बाजू पोकळ राहिली की दाबात पुस्तक तिरकं होतं, हे बाइंडरला शिकवावं लागत नाही. साठावं कार्ड होतं खंड्याचं, आणि ते तळमजल्यावरच्या दाढीमास्तरांकडे होतं. दाढीमास्तर लिफ्ट दुरुस्त करायचे. छातीपर्यंत दाढी, आणि आवाज असा की रिकामा पिंप फरशीवरून ओढतायत. काकूंचे ते कार्डांमधले हाडवैरी. नऊ वर्षं काकूंनी खंड्या मागितला आणि नऊ वर्षं मास्तरांनी दिला नाही.

"फक्त दाब सारखा बसायला हवाय हो," काका मास्तरांना वर बोलावून म्हणाले. "उद्या सकाळी परत."

मास्तरांनी दाढी कुरवाळली, कार्ड दिलं आणि जिना उतरताना बजावलं, "सांभाळा!"

"माझ्या हातून आजवर..." काकांनी सुरुवात केली, पण मास्तर तोवर खाली पोचले होते.

शुक्रवारी दुपारी अल्बम लोखंडी दाबयंत्रात गेला. दाबल्याशिवाय बांधणी कसली? काकांनी चाक एक फेरा आवळलं. टुंग! आणखी एक फेरा. टुंग टुंग टुंग! "तेल मागतंय वाटतं," काका पुटपुटले. त्यांनी यंत्राला प्रेमाने तेल घातलं आणि अंगातला सगळा जोर लावून शेवटचा फेरा आवळला. मग तर देवळातल्या घंटांसारखं टुंगटुंग झालं आणि शांत झालं. तेलाचा गुण पाहून काका खूश झाले!

शनिवारी सकाळी मास्तर आपलं कार्ड घेऊन गेले. काकांनी हौसेने पहिलं पान उघडलं आणि मोराचं कार्ड चालू केलं. पडद्यावर कावळा! कावळ्याचं चालू केलं, तर तिथे पिसारा फुलवून मोर! सुतारात सुगरण, सुगरणीत सुतार. पानापानातले पाठीला पाठ लावून बसलेले सगळे शेजारी आपापली घरं बदलून बसले होते!

काकांनी घाईघाईने शेवटचं पान उघडलं. पुढच्या खिशात टिटवी होती. चालू केली, तर पडद्यावर खंड्या, आणि पिंप ओढल्यासारखा आवाज: "खंड्या. नदीकाठी पाहिला. झकास होता." म्हणजे काकूंची टिटवी मास्तरांच्या खिशात बसून खाली गेली होती!

काका जिन्याकडे धावले, तर मास्तरच धापा टाकत वर येत होते. चेहरा पांढराफटक.

"बाइंडरकाका, माझ्या हातून घात झाला हो! मी कार्ड चालू केलं आणि... काकू बोलल्या! वर्षाने! मी एवढा दचकलो की बोट भलत्याच बटणावर पडलं."

"कुठल्या बटणावर?"

मास्तरांनी कार्ड पुढे केलं. काकांनी कळ दाबली. पडद्यावर टिटवी, आणि आवाज: "अगं आई गं! कोण? कोण आहे तिकडे? मी काही केलेलं नाही!" मागे स्टूल पडल्याचा धडाम् आवाज.

दहा सेकंद भरले होते. नव्याखाली जुनं पुसलं गेलं होतं.

"असू दे, असू दे," काका म्हणाले खरे, पण पायरीवरच बसले. "एकोणसाठातलं एक गेलं. माझ्यासाठी होतं ते दुसरं कुठलंतरी असेल. असणारच! आपण ऐकून बघू."

आणि मग जे काम काकांनी वर्षभर टाळलं, ते शनिवारी दुपारी दोघं मिळून करायला बसले. मास्तर एकेक जोडी पाठीला पाठ लावून पाखरांना आपापल्या घरी धाडत होते आणि काका एकेक कळ दाबत होते.

"सुतार पक्षी," काकू म्हणाल्या. "दिवसभर ठोकत बसतो. बायकोने हाक मारली तरी मान वर नाही. याला मी चांगली ओळखते!"

मास्तर फिस्सकन हसले. काकाही हसले.

"कावळा. रोज खिडकीत येतो. माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारा घरात हा एकटाच."

या वेळी कुणी हसलं नाही. मास्तर उगाच दाढी चाचपत राहिले. काका मान खाली घालून पुढचं कार्ड उचलत राहिले, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला त्यांना खळीचं फडकंच सापडलं.

अठ्ठावन्न कार्डं झाली. अठ्ठावन्नही ऐकून झाली, आणि काकांसाठी असं एकही नव्हतं.

"म्हणजे तेच होतं," काका म्हणाले. "टिटवीतलंच. वर्षभर ती इथे या कपाटात बसून होती हो मास्तर! मी नुसती कळ दाबायची होती!" आणि इतका वेळ स्वतःला आवरून बसलेला हा म्हातारा माणूस ओक्साबोक्शी रडायला लागला.

मास्तरांनी पाणी आणून दिलं. मग खाकरून म्हणाले, "मी ऐकलंय. बोट पडलं ते अगदी शेवटी, त्याआधी सगळं ऐकलंय. शब्द न् शब्द पाठ आहे."

"मग सांगा ना!"

"सांगतो कशाला? भरूनच देतो."

पहिल्या वेळी मास्तरांना खोकला आला. दुसऱ्या वेळी ते म्हणाले, "बाइंडरकाका, ऐकताय ना?"

"ती मला बाइंडरकाका म्हणायची?" काका कडाडले. "शब्द न् शब्द पाठ आहे ना?"

"अहो, पण मी तुम्हाला 'अहो' कसं म्हणू? एवढी दाढी घेऊन!"

"आत्ता म्हणालात की!"

तिसऱ्या वेळी मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, तेव्हा कुठे जमलं. जाताना त्यांनी खंड्याचं कार्डही अल्बमच्या शेवटच्या खिशात सरकवलं. "राहू दे इथेच," ते म्हणाले. "तेव्हाच दिलं असतं, तर काकू माझ्याकडे भांडायला आल्या नसत्या. आमच्याकडे तरी कोण येतंय दुसरं?"

रविवारी लेक आली. काकांनी खोटं बोलल्याचं आधीच कबूल करून टाकलं, सगळी फजिती सांगितली आणि कारखान्यात जाऊन बसले. एका पुठ्ठ्याचा कोपरा सुटला होता, तो चिकटवायचा होता म्हणे! बाहेर लेक एकेक कार्ड ऐकत होती. मधेच हसत होती, मधेच नाक ओढत होती. होता होता टिटवीची पाळी आली. पिंप फरशीवरून ओढल्यासारखा आवाज आला:

"अहो, ऐकताय ना? तो ब्रश ठेवा खाली. चहा निवतोय. या बघू."

"आलो, आलो!" आतून काका ओरडले.

आणि त्यांनी खरंच ब्रश खाली ठेवला! पुठ्ठा अर्धवट, दोन्ही हातांना खळी, तसेच लगबगीने बाहेर येऊन खुर्चीवर बसले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, पहिल्या हाकेला.

चहा मात्र कुणी केलेलाच नव्हता.