बावीस कॅरेटच्या गोळ्या

नानूकाका काटा लावायला बसले की आमच्या घरात सगळ्यांना श्वास धरावा लागे. आधी ते पंखा बंद करायला लावत, मग गॅलरीची खिडकी, आणि मग एक बोट वर करून म्हणत, "आता कोणी जगू नका." एकदा नेमका तेवढ्यात पोस्टमन दारात आला. तोही हातात पत्र धरून श्वास रोखून उभा राहिला. सुई थांबली तेव्हा त्याने एवढा मोठा उसासा टाकला की पारडं पुन्हा हललं. काकांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "चौदा कॅरेट."

ही त्यांची शिवी. मुलुंडच्या नळाला येणारं पाणी चौदा कॅरेट. आमचे डॉक्टर चौदा, पण त्यांचा कंपाउंडर अठरा, कारण तो औषध नसेल तर नाही म्हणून सांगतो. पपा सोळा, हे त्यांनी मला विश्वासात घेऊन सांगितलं होतं. आई एकवीस. मी विचारलं, मग चोवीस कोण? काका म्हणाले, "चोवीस कॅरेटचो माणूस टिकणा नाय गो. वाकता." माझे कॅरेट किती, ते विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.

नानू कारेकर आमच्या खाली तळमजल्यावर राहत. मूळचे मालवणकडचे, पिढीजात सोनार. स्टेशनजवळ त्यांची एका माणसाला बसता येईल एवढी पेढी होती. मी शाळेत असताना सोन्याचा कायदा आला. चौदा कॅरेटच्या वरचा नवा दागिना घडवायचा नाही. बाकीच्या सोनारांनी मागच्या दाराने काय केलं ते मला माहीत नाही. नानूकाकांनी पेढीला कुलूप लावलं. कायदा म्हणजे कायदा, आणि चौदाला हात लावणार नाही, म्हणाले. दोन्ही गोष्टी पाळल्यावर खायला काही उरत नाही, हे त्यांना काकूंनी सांगितलं असेल. निदान आम्हाला वरपर्यंत ऐकू आलं नाही. काकू फार हळू बोलत. त्यांच्या कानात कडुनिंबाच्या काड्या असत, भोकं बुजू नयेत म्हणून. सोनाराच्या बायकोच्या कानात काड्या, याचं मला तेव्हा हसू येई. दीड वर्षाने काकू गेल्या. तोवर ऐरण, हातोड्या, फुंकणी, सगळं त्यांच्या औषधांत गेलं होतं. पुढे कायदा सैल झाला, पण काकांकडे नुसता काटा राहिला होता.

पपा तेव्हा एका रायफल क्लबचे मानद सेक्रेटरी होते. क्लबातले काही जण आपली काडतुसं आपणच भरत. त्यासाठी पुढची टोकं, म्हणजे खरी गोळी, शिशाची, वर तांब्याचा पत्रा, वेगळी विकत आणावी लागे. स्वस्तातली गोळी हजारांनी येई, पोत्यात सुटी, साबुदाण्यासारखी. त्यातली एक हलकी, एक जड; हलकी वर जाते, जड खाली, आणि नेम चुकला की सभासद पपांवर रागावतात. पपांना काका आठवले. काम सोपं होतं: पोत्यातल्या सारख्या वजनाच्या गोळ्या वेगळ्या काढायच्या. काकांची चूल त्यावर पुन्हा पेटली, आणि आमच्या गॅलरीत काटा लागला.

त्यांची वजनंही त्यांचीच. एका पारड्यात तांब्याचा जुना पैसा, चार गुंजा आणि कागदाची एक मळकी पुडी; दुसऱ्यात गोळी. पुडीत काय आहे, हे कुणी विचारलं नाही. सोनाराकडे पुड्या असायच्याच. वजन किती नेमकं जुळतं त्यावरून गोळ्या तीन बरण्यांत जात: बावीस, अठरा आणि चौदा. मी इंग्रजी शाळेतली, म्हणून बरण्यांवर लावायच्या चिठ्ठ्या मी लिहायच्या, कारण क्लबात इंग्रजी लागे. मला ते काम आवडायचं. त्यात बोलावं लागत नसे.

मग एक सभासद परदेशातून आला आणि त्याने पपांना एक डबी दिली. आत पन्नास गोळ्या, प्रत्येकीला वेगळा खण. काकांनी डबी हातात घेऊन फिरवली आणि वरचा इंग्रजी शब्द मला वाचायला सांगितला.

"मॅच," मी म्हटलं.

"म्हणजे?"

स्पर्धेसाठीच्या, असं सांगायचं होतं. पण त्यांच्याकडे बघून बोलताना माझी नेहमी तारांबळ उडायची. माझ्या तोंडून निघालं, "मॅच म्हणजे... जुळणारं. जोडीला जोड."

काकांनी डबीतल्या खणांवरून बोट फिरवलं. "पन्नासच्या पन्नास जुळलेली? आणि तसां वर लिवन देतत?" मी मान हलवली. चूक दुरुस्त करायला मला एक वाक्य पुरलं असतं. ते मी बोलले नाही. त्या दिवसापासून बावीसच्या बरणीच्या चिठ्ठीवरही त्यांनी माझ्याकडून मॅच लिहून घेतलं.

पपांनी ठरवलं, रविवारी दोन्ही प्रकारच्या गोळ्या काट्यावर घालायच्या. काकांच्या निवडलेल्या गोळ्या त्या विलायती गोळ्यांइतक्याच सारख्या निघाल्या तर पोतंच चालू ठेवायचं. नाहीतर तो सभासद डब्या मागवून देणार होता, आणि मग निवडण्यासारखं काही उरणार नव्हतं. निकाल काकांनीच द्यायचा. पपांना त्यातलं कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना स्वस्तातलंच हवं होतं. आई स्वयंपाकघरात मला म्हणाली की काकांनी नुसतं "सारखंच आहे" म्हटलं तरी काम टिकेल, कोण बघायला जातंय.

रविवारी काका आले तेव्हा पपा अंघोळीला गेले होते. मी पंखा बंद केला आणि बरण्यांकडे बघत म्हटलं, "काका, सारखंच आहे म्हणा ना."

त्यांनी काट्याची दोरी सरळ केली. "काटो खोटा बोलणा नाय, मगे मी कित्याक बोलू?"

पपा आले. खिडकी लागली. कोणी जगलं नाही. काकांनी आधी आपल्या बावीसच्या बरणीतल्या दहा एकेक करून घातल्या. सुई दर वेळी केसभर, अगदी केसभर, इकडे नाहीतर तिकडे झुके. आम्हाला दिसलंही नसतं; ते स्वतःच बोटाने दाखवत होते. मग डबीतल्या दहा. सुई दहाही वेळा हलली नाही. अकरावी त्यांनी कुणी न सांगता घातली. मग बारावी. त्यांच्या चेहऱ्यावर मला आनंदासारखं काहीतरी दिसलं.

"ह्यां बावीस," ते पपांना म्हणाले. "माझां चौदा."

पपा म्हणाले, अहो, एवढा काही फरक नाही, बघू, विचार करू. ते खरंच अवघडले होते. मला वाटतं, त्या दिवशी ते सतरापर्यंत गेले असतील. पण निकाल सभासदांना कळला आणि पुढच्या महिन्यात डब्या आल्या.

काका काटा न्यायला आले. पारडी कापडात गुंडाळली, गुंजा मलमाच्या डबीत भरल्या. पुडी उचलली तेव्हा जुना कागद घडीवर फाटला आणि काहीतरी टणकन खाली पडलं. मी उचललं. मोत्यांची कुडी होती, सोन्याच्या तारेत ओवलेली, इतकी नाजूक की बोटांत धरायची भीती वाटावी. मी ती त्यांच्या हातात दिली आणि दुसरी कुठे घरंगळली म्हणून टेबलाखाली वाकले. पाटाखाली पाहिलं, बरण्या सरकवल्या, पोत्याच्या मागे हात घातला. काकांनी मला बराच वेळ शोधू दिलं.

"सोधू नको गो," ते शेवटी म्हणाले. "हिची मॅच झाली नाय. एक झाली आणि कायदो इलो."

मी टेबलाखालीच राहिले. तिथून मला त्यांचे नुसते पाय दिसत होते, आणि डोळ्यांपुढे कडुनिंबाच्या दोन काड्या.

मग त्यांनी पुडीला कागद मागितला. माझ्याकडे चिठ्ठ्यांचा कागद होता, पण एकच उरलेला, आणि त्यावर मी आधीच मॅच लिहून ठेवलं होतं. दुसरा आणते, म्हटलं. ते म्हणाले, होच बरो. आणि अक्षरं आत जातील अशी त्यांनी पुडी बांधली.