एक्केचाळीस सेकंद

पडद्यावरच्या म्हाताऱ्याने धुतलेला कप खिडकीच्या कट्ट्यावर उपडा ठेवला, आणि मग कोणीच बोलेना. पडद्यावरही नाही, कंपनीच्या बैठक-दालनातही नाही. ती शांतता एक्केचाळीस सेकंदांची होती. आपल्या वडिलांची शेवटची सकाळ लेखिकेने मालिकेच्या त्या भागात जशीच्या तशी उतरवली होती. सातव्या सेकंदाला कार्यक्रमप्रमुखांनी घसा खाकरला. अकराव्याला फोन काढला.

"हेच, बाई, हेच!" दिवे लागताच ते म्हणाले. "इथेच प्रेक्षक फोन उचलतो. समोरच्या कंपनीच्या मालिकेत कोणी चार सेकंद गप्प बसत नाही."

"अहो, पण माणूस गेलाय त्यात."

"गेला, हे फोनवाल्याला कळायला नको?"

ठरावानुसार शांततेवर निवेदन चढवण्यात आले: 'वडील आता वारले आहेत.' पुढच्या पाहणीत असे निष्पन्न झाले, की सगळे ऐकू येत असल्याने प्रेक्षक पडद्याकडे पाहीनासेच झाले आहेत. न पाहिल्या जाणाऱ्या चित्रावर खर्च हा अपव्यय. सबब चित्र वगळले. मग निवेदनामुळे फोनचा आवाज नीट ऐकू येत नाही, अशा तक्रारी आल्या. सबब निवेदनही वगळले. उरला तो पडद्यावर अधूनमधून उमटणारा प्रश्न: 'आपण अजून पाहत आहात ना?' त्यावर मात्र शंभरातल्या एक्क्याण्णवांनी इमानेइतबारे 'हो' दाबले. तेव्हा तो प्रश्न हीच मालिका झाली आणि पहिल्या क्रमांकावर जाऊन बसली. समोरच्या कंपनीने चवताळून स्वतःच 'हो' म्हणणारा प्रश्न बाजारात आणला.

"माझा मूळ भाग परत लावा," लेखिका म्हणाली.

"लावतो की! तो धड पाहिलेला एक माणूस आणा. एकच!"

तिने घरी जाऊन आईला गाठले.

"पाहिला म्हणजे काय! दोनदा पाहिला," फोनवरचा अंगठा न थांबवता आई म्हणाली. "रडू कोसळलं गं मला."

"मग सांग, बाबांनी कप कुठे ठेवला?"

प्रश्न अवघड नव्हता. ज्याने सुरुवात लक्ष देऊन पाहिली असेल, त्याने चटकन सांगितले असते. शिवाय त्या सकाळी आई त्याच खोलीत बसलेली होती.

अंगठा थांबला. आईने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. समोर भिंतीवरच्या टीव्हीवर तो प्रश्न उजळला होता. तिने रिमोट उचलून 'हो' दाबले आणि ती आत निघून गेली.