सिस्टरच्या जीपचे एकोणीस दोष

बायकोच्या शिवणाच्या डब्यातला लोहचुंबक सकाळी पुन्हा गायब झाला, तेव्हाच तिनं ओळखलं, की आज परत जीप बघायला जायचंय.

"अहो, सुया सांडल्यात सगळ्या. आता काय फुंकर मारून गोळा करू?"

"आजचा शेवटचा दिवस गं," नवरा म्हणाला. हे तो गेले आठ महिने दर रविवारी म्हणत होता.

नवरा म्हणजे जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेला मोजणीदार. एकतीस वर्षं तो ऑफिसच्या जीपमधून डोंगरदऱ्या हिंडला, पण स्टिअरिंगला ड्रायव्हरशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा खात्याचा नियम. ड्रायव्हरही असला खमक्या, की 'आवारातल्या आवारात एक चक्कर मारू का रे?' म्हटलं तरी किल्ली खिशात घालून चहाला निघून जायचा. निवृत्त झाल्यावर साठाव्या वर्षी आमचा मोजणीदार गाडी शिकला, लायसन काढलं आणि इच्छा एकच उरली. तशीच जुनी, चारही चाकांना जोर असलेली, कुणी छेडछाड न केलेली जीप घ्यायची आणि स्वतः चालवायची. माणसानं यापेक्षा कमी काय मागावं?

पण मिळत होत्या त्या जीपांचं काय सांगावं! एकीचा हॉर्न दाबला की कुत्रं भुंकायचं. दुसरीला चुंबक लावला तर तो चिकटेचना, कारण रंगाखाली पत्रा नव्हताच, नुसती पुट्टी थापलेली. तिसरीचा मालक म्हणाला, "एका हातची गाडी आहे." ते खरंच होतं. एकाच माणसानं ती अकरा वेळा आपटली होती.

या वेळची खबर मिस्त्रीनं आणली होती. मिस्त्री म्हणजे गल्लीच्या तोंडाशी गॅरेज असलेला मेकॅनिक. वरच्या टेकडीवर एक निवृत्त नर्स राहते, सगळे तिला सिस्टर म्हणतात. पंचवीस वर्षं ती स्वतः जीप चालवत डोंगरातल्या वस्त्यांवर बाळंतपणं करायला जायची. आता गुडघा गेला, क्लच दाबवत नाही, म्हणून विकतेय.

"पण एक ध्यानात ठेवा साहेब," मिस्त्रीनं बजावलं. "विकणाऱ्यासमोर कौतुक केलं की मेलात. तोंड कारल्यासारखं ठेवायचं. वहिनी, तुम्ही फक्त 'मला नाही बाई आवडली' एवढंच म्हणायचं."

दुपारी टेकडीवरच्या अंगणात सिस्टरनं जीपवरची चादर काढली आणि मोजणीदार चुंबक काढून पुढं सरसावला. रंग मूळचा. पत्र्यावर कुठं पोपडा नाही. चुंबक जिथं लावावा तिथं टक्कन चिकटत होता. वायरी बँडेज बांधावं तशा नेटक्या गुंडाळलेल्या, आणि ऑइल कधी बदललं याची नोंद तापाच्या तक्त्यासारखी, तारीखवार.

"अय्या, सीटची शिलाई काय सुंदर आहे!" बायको बोलून गेली.

नवरा खोकला. मिस्त्रीही खोकला.

"पण… मला नाही बाई आवडली," तिनं पडेल आवाजात सावरलं.

मग मिस्त्रीनं बॉनेट उघडून इंजिन चालू केलं आणि ते घड्याळासारखं चालू लागल्यावर हळहळला, "चुक् चुक् चुक्. आतून पार खलास आहे. फार तर आठवड्याचा सोबती." मोजणीदारानं वही काढली. माणूस सवयीचा गुलाम! त्यानं दाराच्या फटी मिलिमीटरमध्ये मोजल्या, चाकांची अंतरं घेतली, बॉनेटवर सपाटी बघायची पाणसळ ठेवली आणि लिहिलं, 'वाहन उजवीकडे दीड अंश कललेले.' असे एकोणीस दोष भरले. सवयीनंच त्यानं खाली हुद्द्यासकट सही ठोकली आणि वही सिस्टरपुढं धरली. आता बाई बिचकेल, किंमत उतरवेल, असा त्यांचा हिशोब.

सिस्टरनं चष्मा लावून एकोणीसच्या एकोणीस मुद्दे वाचले. तिचा चेहरा उतरला.

"मला कल्पनाच नव्हती हो. ब्रेकसुद्धा?"

"ब्रेक तर नशिबाच्या हवाली," मिस्त्री रंगात आला होता.

"मग नाही विकत मी. असला आजारी पेशंट तुमच्यासारख्या भल्या माणसांच्या गळ्यात घालू? उद्या काही बरंवाईट झालं तर मी स्वतःला माफ नाही करणार." ती लंगडत आत गेली आणि खिडकीतून तिचा फोनवरचा आवाज आला. "भंगारवाले ना? जीप आहे. हो, आख्खी. चार वाजता? गॅस कटर घेऊन या."

तिघं अंगणात खांबासारखी उभी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सव्वातीन वाजले होते.

"आता बोला काहीतरी!" बायकोनं मिस्त्रीला ढोसलं.

सिस्टर बाहेर आल्यावर मिस्त्री हात चोळत म्हणाला, "सिस्टर, तसं फार सिरियस नाही. थोडी देखभाल केली तर पळेल वीस वर्षं."

"आत्ताच तर तुम्ही आठवडा म्हणालात."

"ते… ते मी अंदाजानं."

"अंदाज कसा? मोजणीदार साहेबांची सही आहे. सरकारी माणूस खोटं कशाला लिहील?"

हे वाक्य मोजणीदाराच्या वर्मी लागलं. एकतीस वर्षांत लोकांनी त्याला दमदाटी केली होती, पाया पडून पाहिलं होतं, एकदा विहिरीत ढकलायची धमकी दिली होती. पण वीतभर बांध इकडचा तिकडे झाला नव्हता. आणि आज एका जीपच्या मोहापायी…

साडेतीन. पावणेचार. बायको नवऱ्याकडे बघत होती, नवरा जीपकडे. शेवटी त्यानं वहीतलं पान टरकावलं.

"सिस्टर, मी खोटं लिहिलं. सगळं खोटं. तुमची जीप सरळ आहे, तुमचं अंगण वाकडं आहे."

म्हणीतलं अंगण उगाच बदनाम होतं, हे मात्र खरोखरच दीड अंश वाकडं होतं.

"किंमत कमी व्हावी म्हणून केलं," तो पुढं म्हणाला. "मला नका देऊ. माझी लायकी नाही. पण कापायला नका देऊ हो! आठ महिन्यांत मी अशी गाडी पाहिली नाही. हिला एवढं जपलंय तुम्ही. त्या भंगारवाल्याला नको म्हणून कळवा."

"तुम्हीच कळवा. फोन आत आहे."

तो धावत आत गेला. रिसीव्हर कानाला लावला, हलवला, ठोकला. मग हळूच बाहेर आला.

"फोन बंद आहे."

"तीन महिने झाले," सिस्टर म्हणाली. "नोकरीत रोज एखादा तरी यायचा, पोट दुखतंय म्हणून विव्हळत. मी मोठी सुई काढून टेबलावर ठेवायची. निम्मे तिथंच बरे व्हायचे."

बायको खो खो हसत सुटली. मिस्त्री आपल्या स्कूटरच्या आरशात काहीतरी शोधू लागला.

"गाडी तुम्हालाच देते," सिस्टर म्हणाली. "पण सांगितलेल्या किमतीला नाही. कमी घेईन. उताराला दुसरा गिअर निसटतो हिचा. हातानं दाबून धरावा लागतो. काय हो मिस्त्री, तुमच्या एकोणीसमध्ये हा कुठं दिसला नाही तो? अर्थात जागेवरून हलवलीच नाहीत म्हणा."

मिस्त्रीचं तोंड आता न सांगता कारल्यासारखं झालं.

"नाही नाही, पूर्ण किंमत घ्या," मोजणीदार म्हणाला.

"कमीच घेईन."

"मग मी घेत नाही!"

"अहो!" बायको ओरडली. "आठ महिने माझा चुंबक पळवलात आणि आता मिळतेय तर 'घेत नाही'? द्या म्हणतायत तेवढे द्या आणि बसा त्या गाडीत!"

तो बसला. खालच्या रस्त्यापर्यंत सगळा उतार होता, म्हणून सिस्टर गिअर धरायला शेजारी चढली. तिला परत सोडायला मिस्त्री स्कूटर घेऊन मागं निघाला. बायको मागच्या सीटवर शिलाई निरखत बसली. इंजिन सुरू झालं, जीप फाटकातून बाहेर पडली. मोजणीदाराचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, सिस्टरचा हात गिअरवर. पंचवीस वर्षांच्या सवयीनं तो नेमक्या जागी घट्ट बसला होता.

"समोर बघा," सिस्टर म्हणाली.

"बघतोय. दिसत नाहीये काही."

"काच पुसलीय मी सकाळी."

"काच नाही हो," तो म्हणाला आणि त्यानं बाहीनं डोळे पुसायला हात उचलला.

"दोन्ही हात चाकावर!" दोघी एकदम ओरडल्या.

त्यानं घाबरून ब्रेक दाबला. ब्रेक उत्तम होते. एकतीस वर्षं वाट पाहिलेली जीप दोनशे फूट चालून रस्त्याच्या कडेला थांबली आणि मोजणीदार मनसोक्त रडला. सिस्टरनं तेवढा वेळ गिअर सोडला नाही.