होडीला खांदा

या सहलीत गिरीराजचा फायदा आंधळ्यालाही दिसला असता. एक दिवस वल्ही मारायची, एक रात्र तळ्याकाठी तंबूत काढायची आणि बदल्यात जन्मभराची रम्या! इतका किफायतशीर सौदा यशवंतपूरच्या बाजारातही होत नाही.

अडचण एकच. रम्याचे वडील, उमाजी अण्णा. बनशंकरीतलं जुनं मराठा घराणं. "सर्जापूर रोडच्या टॉवरांतली पोरं ही! स्वल्प लिफ्ट बिघडली की जेवायला खाली उतरत नाहीत," असं त्यांचं मत. आणि अण्णांनी होकार दिल्याशिवाय रम्या लग्न करणार नव्हती. म्हणून गिरीराजने खुद्द अण्णांनाच कनूच्या सहलीला नेलं. कनू म्हणजे दोन्ही टोकं निमुळती असलेली हलकी होडी. पहिलं तळं वल्हवत पार करायचं, मधला बांध होडी खांद्यावर घेऊन ओलांडायचा, दुसऱ्या तळ्याकाठी मुक्काम. मी त्याचा शेजारी, म्हणून मध्यस्थ.

"विद्याधरदादा, तू फक्त माझी तारीफ करायची. बाकी मी बघतो!"

काठावरची कोरी करकरीत होडी बघताच अण्णा थबकले.

"पूजा झाली हिची?"

"भाड्याची आहे, अण्णा."

"असेना! नवं वाहन ते नवं वाहन. लिंबं आणलीत मी."

लिंबं ठेवायची चाकाखाली. होडीला चाकं कुठली? शेवटी ती बुडाखाली सारली, नाकावर हळदकुंकवाचे जाड पट्टे ओढले आणि अण्णांनी नारळ पुढे केला. "फोडा!"

शेजारी चांगला कातळ होता. पण सासऱ्याला मनगट दाखवायची संधी कोण सोडतो? गिरीराजने नारळ दोन्ही हातांनी उचलून थेट होडीच्या नाकावर हाणला! काड्कन आवाज झाला. नारळाला ओरखडाही नाही!

"आवाज आला ना? मग देवाला पोचला," अण्णा म्हणाले. "सरी, झालं, चला."

जेमतेम काठ सोडला आणि माझे मोजे ओले झाले. तडा नाकावरून पार बुडाखाली उतरला होता. वर कुंकू, म्हणून दिसला नव्हता! अण्णा मधे बसून, दोन्ही कडा घट्ट धरून, डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते.

"पायाला गार लागतंय," ते डोळे न उघडता म्हणाले.

"उन्हाचा त्रास नको म्हणून तशी सोय असते, अण्णा!" गिरीराजने ठोकून दिलं आणि होडी झपाट्याने काठाला आणली. "आता पोर्टेज. होडी आपण उचलायची."

"आपण होडीला उचलायचं? मग हिला आणलं कशाला?"

"खरी मर्दुमकी यातच असते, अण्णा!"

नवल म्हणजे अण्णा टुणकन उतरले आणि होडीखाली घुसले! आम्ही तिघं अख्ख्या तळ्याला वळसा घालत निघालो. हळदकुंकू फासलेलं ते लांबलचक धूड खांद्यावर बघून एका मेंढपाळाने डोक्यावरचा टॉवेल काढला, हात जोडले आणि हळूच विचारलं, "यारू?" म्हणजे, कोण गेलं!

मुक्कामी पोचलो आणि गिरीराजचा धीर सुटला. "अण्णा, मी खोटं बोललो. होडी मीच फोडली. नारळाने."

मी मनातल्या मनात रम्याला दुसरीकडे देऊन टाकलं. एवढ्यात अण्णा असे हसले की पलीकडचे बगळे उडाले!

"फुटली? बनशंकरी अम्मा पावली रे! मला पाण्याची भीती. पोहता येत नाही. होणाऱ्या जावयासमोर भित्रा कसा दिसू, म्हणून आलो. तू मला कोरडा पैलतीरी आणलास! रम्या तुझी!"

गिरीराज मटकन खाली बसला आणि रडत रडत हसू लागला. मलाही इतकं हलकं वाटलं की उप्पीट करपलं तरी तिघांनी पातेलं खरवडून खाल्लं.

सकाळी होडी परत न्यायची होती. गिरीराज वाकला, तोच अण्णा ओरडले, "छे छे! आता जावई तुम्ही! जावयाने ओझं उचललं तर घराण्याची अब्रू जाईल!"

"मग सासऱ्यांनी तर मुळीच नाही," गिरीराज अदबीने म्हणाला.

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मध्यस्थाच्या अब्रूची चौकशी कोणी केली नाही.

होडी खांद्यांवर पालथी घेऊन मी चालू लागलो. मागून अण्णांचा मायेचा आवाज आला, "स्वल्प सावकाश हं, विद्याधरराव! तडा वाढेल!"

गिरीराजला बायको मिळाली, रम्याला नवरा, अण्णांना जावई. किंमत मोजली दोन खांद्यांनी. दोन्ही माझे!